अकरावी चूक

ताई गेल्यावर भेटायला येणारी माणसं अर्धा कप चहा घेत. उठायच्या बेतात असताना त्यांतलं एखादं जुनं डोंबिवलीकर माणूस हळूच विचारी, "त्यांचा पाय डोक्यापर्यंत जायचा ना हो?"

पहिल्यांदा मला राग आला. तिने जन्मभर मुलींना नाच शिकवला, संसार केला, आईबाबांची दुखणी काढली आणि लोकांच्या लक्षात काय राहिलं, तर पाय. पण आणखी काही जणांनी विचारल्यावर मीच "हो, जायचा" म्हणू लागले, आणि म्हणताना मला हसू येऊ लागलं. सुतकातलं हसू लपवणं फार अवघड असतं; खोकल्याचं सोंग करावं लागतं. हा पाय चार गावांना कसा माहीत झाला ते आता माझ्याशिवाय सांगणारं कुणी उरलेलं नाही. म्हणून लिहिते आहे. रोज थोडं लिहिते, घाई नाही.

आम्ही डोंबिवलीला दोन खोल्यांत राहत होतो. ऐंशीचं दशक अर्ध्यावर आलं होतं. ताई चौदा वर्षांची, मी तिच्याहून तीन वर्षांनी लहान. ती इमारतीसमोरच्या गल्लीतल्या बाईंकडे भरतनाट्यम शिकत होती आणि तिच्या अंगात हाडं घालायला देव विसरला असावा असं आत्या म्हणायची. मला मात्र त्याने सगळी हाडं मोजून दिली होती. मी वाकून चप्पल घातली तरी कंबर कुरकुरायची, म्हणून मी बसून वाचत असे. ताई वाचायची तीही बघण्यासारखी. पालथी झोपून पाय मागून डोक्यावर आणायचे, पुस्तक समोर धरायचं आणि पान उलटायला हात मोकळा नसला तर पायाच्या अंगठ्याने उलटायचं. जेवताना पंखा बंद करायचा झाला तर उष्ट्या हाताने उठायची गरज नसे. ती बसल्या जागेवरून पाय लांब करून भिंतीवरचं बटण दाबी. कपाटामागे काही पडलं की आई म्हणे, "ताईला बोलव."

पाहुण्यांसमोर मात्र आईचं एकच पालुपद असे. "माणसासारखी बस गं!"

"माणसासारखीच बसलेय."

"पाय कुठेय तुझा?"

"इथे, खांद्यावर."

"तो खाली घे. माणसांचे पाय खाली असतात."

बाईंनाही या लवचीकपणाचं फारसं कौतुक नव्हतं. "रबरसुद्धा वाकतं," त्या ताईला म्हणायच्या, "पण रबराला कुणी रंगमंचावर बोलवत नाही. आधी अरमंडीत नीट बस." अरमंडी म्हणजे गुडघे बाहेर काढून अर्धं बसायचं. ताईला डोक्यावर पाय ठेवायला सांगितलं तर ती हसत ठेवायची. अर्धं बसायला सांगितलं की रडकुंडीला यायची.

बाबा ठाण्याच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. दिवसभर यंत्रांचे नकाशे काढायचे, त्यात केसाएवढी चूक चालत नसे. आणि ठाण्याहून निघणाऱ्या एका साप्ताहिकात 'चुकलेलं चित्र' नावाचं त्यांचं सदर होतं. दर रविवारी एक चित्र आणि त्यात लपवलेल्या दहा चुका. वाचकांनी त्या शोधून पोस्टकार्डावर कळवायच्या. आई म्हणे, "आठवडाभर चुका करू नयेत म्हणून पगार घेतात आणि रविवारी चुका केल्या म्हणून कौतुक करून घेतात."

पण चुका करण्याचे बाबांचे नियम कारखान्याहून कडक होते. चूक म्हणजे अशक्य गोष्ट. नुसती विचित्र गोष्ट म्हणजे चूक नव्हे. एकदा मी सुचवलं, की भाजीवाल्याच्या हाताला सहा बोटं काढा. बाबांनी पेन्सिल खाली ठेवली. "आमच्या कारखान्यात स्टोअरमधल्या माणसाला सहा बोटं आहेत. त्याने चित्र बघितलं तर त्याला काय वाटेल? आपण चूक आहोत असं?" बोटं रद्द झाली आणि भाजीवाल्याच्या तराजूचं जड पारडं वर गेलं. दहा म्हणजे दहाच, अकरावी चूक चित्रात चुकूनही शिरता कामा नये, यासाठी बाबा प्रत्येक चित्र छापायला देण्याआधी दोन दिवस भिंतीला टाचून ठेवत आणि येता-जाता त्याच्याकडे संशयाने बघत.

त्या पावसाळ्याआधी त्यांनी नाचाच्या वर्गाचं चित्र काढलं. खिडकीबाहेर नारळाच्या झाडाला आंबे, समईची ज्योत खाली लोंबलेली, मृदंगवाल्याला मिशी नाही पण आरशातल्या त्याच्या प्रतिबिंबाला आहे, वगैरे. मधोमध नाचणारी मुलगी. तिच्यासाठी ताई उभी राहिली. डाव्या पायावर तोल, उजवा पाय मागून वर, डोक्यावरून पुढे आणि अंगठा कपाळाला, जणू पायानेच टिळा लावते आहे. जुन्या देवळांच्या भिंतींवर अशा मूर्ती असतात म्हणे. बाबांनी धड आणि चेहरा काढून घेतला तोवर ताईला शिंक आली. तेव्हा पाऊल नंतर वेगळं काढायचं ठरलं. ती पाटावर पाय ठेवून भूगोलाचा अभ्यास करत बसली, बाबांनी ट्रेसिंगच्या कागदावर पाऊल उतरवलं आणि ते चित्रात बसवलं. यंत्राचे सुटे भाग ते असेच काढून जोडत.

चित्र दोन दिवस भिंतीवर राहिलं. आम्ही चौघांनी ते पाहिलं. मुलीचा पाय डोक्यावर आहे याचं आमच्यापैकी कुणालाच काही वाटलं नाही. आमच्या घरात पाय तिथेच असायचा.

चित्र छापून आलं आणि पुढच्या आठवड्यात साप्ताहिकाच्या संपादकांनी बाबांना कचेरीत बोलावून पोस्टकार्डांचा गठ्ठा पुढे ठेवला. जवळजवळ प्रत्येकाने पहिली चूक म्हणून पायच लिहिला होता. त्यामुळे चुका अकरा होत होत्या आणि दहाच आहेत म्हणणारे बाबा खोटे पडत होते. सगळ्यात सविस्तर पत्र कल्याणच्या एका निवृत्त मोजणीदारांचं होतं. जमीनमोजणी खात्यात जन्म गेलेला माणूस. त्यांनी कार्डाच्या पाठीवर खुब्याच्या सांध्याची आकृती काढून कोन दाखवले होते आणि खाली लिहिलं होतं, 'जमीन काय, शरीर काय, प्रत्येकाला हद्द असते. आपल्या नर्तिकेने ती ओलांडून शेजारच्या गटात प्रवेश केला आहे.'

बाबा घरी आले, जेवले. मग ताईला म्हणाले, "पाय वर घे बघू." ताईने घेतला. "ठीक आहे," म्हणून ते लिहायला बसले. त्यांचा खुलासा पुढच्या अंकात चौकटीत आला. 'चित्रातील मुद्रा शक्य आहे. ती अशक्य आहे असे कुणी सिद्ध केल्यास हे सदर मी त्या दिवशी बंद करीन.'

आईने ते छापून आल्यावर वाचलं. "बंद करीन? कुणाला विचारून?"

"सिद्ध करताच येणार नाही. मुलगी घरात आहे आपल्या."

"मुलगी घरात आहे ती घरातच राहू दे."

पण मोजणीदार ऐकणारे नव्हते. 'खुलाशाने जमीन मोजली जात नाही, प्रत्यक्ष साखळी टाकावी लागते,' असं त्यांचं दुसरं पत्र आलं. संपादकांना त्यात अंकाचा खप दिसला. वाचक मेळावा कल्याणच्या एका वाचनालयाच्या सभागृहात व्हायचाच होता. त्यात प्रात्यक्षिक ठेवू, म्हणाले. मुद्रा झाली तर सदर चालू, नाही झाली तर बंद. बाबांचा चेहरा त्या आठवड्यात कसा झाला होता ते मला अजून आठवतं. हे सदर म्हणजे त्यांच्या आयुष्यातली एकमेव गोष्ट, जिच्यावर साहेबाची सही लागत नव्हती.

आईने सरळ नाही म्हटलं. "चारचौघांत मुलीला पाय वर करायला लावणार? उद्या हिचं लग्न ठरवायला गेलो तर लोक म्हणतील, ती कल्याणच्या सर्कशीतली."

"कल्याणला सर्कस नाहीये, आई," ताई म्हणाली.

"ती आता होतेय!"

दोन दिवस घरात अबोला चालला. बाबा तिसऱ्या दिवशी रविवारचं नवं चित्र काढायला बसलेच नाहीत. पाटीसारखा कोरा कागद समोर ठेवून दाढी खाजवत राहिले. ते आईला बघवलं नाही. तिने शिवणयंत्र काढलं, घोट्यापर्यंतचा चुडीदार आणि वर गुडघ्याखाली येणारा कुडता शिवला आणि अट घातली. पाय वर जाईल तेव्हा ती स्वतः ताईशेजारी चादर घेऊन उभी राहणार. कुणी काही वावगं बोललं, की चादर टाकून मुलीला घेऊन घरी.

मेळावा रविवारी दुपारी चारला होता. इथे आमची चूक झाली. कल्याणला जायचं आणि आत्याकडे जेवायचं नाही, असं बाबांच्या तोंडून निघणं शक्य नव्हतं. आत्या त्यांच्याहून मोठी. तिने श्रीखंड केलं होतं.

"तिला थोडंच वाढ," आई म्हणाली. "तिला मागे वाकायचंय."

"वाकायचंय म्हणजे ताकद नको? रिकाम्या पोटी वाकली की चक्कर येते." आत्याने ताईच्या पानात वाटी उपडी केली. "तू खा गं. बाबाची अब्रू तुझ्या पोटावर आहे."

"पायावर," मी म्हटलं.

"तू वाचत बस," आत्या म्हणाली.

ताईला श्रीखंड जिवापाड आवडायचं. आग्रहाची पुरी झाली, मग आग्रह मोडू नये म्हणून एक, मग बाबांच्या नावाची एक. चार वाजता आम्ही सभागृहाच्या पायऱ्या चढलो तेव्हा ताई सावकाश चालत होती.

सभागृह भरलं होतं. डोंबिवली, कल्याण, ठाण्याहूनच नव्हे, टिटवाळ्याहूनही एक जोडपं डबा घेऊन आलं होतं. पहिल्या रांगेत मोजणीदार. उंच, सडपातळ, मांडीवर लाकडी फूटपट्टी आणि चित्राचं कात्रण. मी मनातून त्यांना राक्षस ठरवलं होतं, पण त्यांनी मला बघून खिशातून लिमलेटची गोळी काढून दिली. संपादकांनी प्रास्ताविक केलं. मी एका बाजूला ते चित्र मोठं करून पुठ्ठ्यावर डकवलेलं धरून उभी राहिले, दुसऱ्या बाजूला आई चादर घेऊन. मध्ये ताई.

तिने नमस्कार केला, डाव्या पायावर तोल घेतला, उजवा पाय मागे उचलला, धड मागे झुकवलं, आणि त्या शांत सभागृहात एक मोठी, केशर-वेलचीची ढेकर आली.

पाय खाली आला. मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. आईने चादर उघडली. मोजणीदारांनी कात्रणावर काहीतरी लिहिलं. बाबा भिंतीशी उभे होते, ते भिंतीच्याच रंगाचे झाले.

"जमत नाही असं दिसतं," मोजणीदार हळू म्हणाले; त्यांच्या आवाजात विजय नव्हता, थोडं वाईटच वाटल्यासारखं होतं.

"जमतं!" ताई म्हणाली. "श्रीखंड मधे येतंय."

संपादकांनी दहा मिनिटं विश्रांती जाहीर केली. आईने ताईला व्हरांड्यात नेलं, टिटवाळ्याच्या काकूंनी आपल्या डब्यातला ओवा काढून दिला, आणि आम्ही तिघी व्हरांड्यात फेऱ्या मारू लागलो. बाबा आले. "राहू दे गं ताई," ते म्हणाले. "एवढं काही नाही. बंद तर बंद."

ताईने ओवा चावत त्यांच्याकडे बघितलं. "मग रविवारी तुम्ही काय करणार?"

बाबांनी चष्मा काढून पुसला, तो आधीच स्वच्छ होता.

"चला," आई म्हणाली. ताईला नव्हे, बाबांना. "आत चला. होईल तिला." सर्कस म्हणणारी आई ती हीच.

दुसऱ्या वेळी ताईने घाई केली नाही. पाय मागून वर गेला, गुडघा वळला, दोन्ही हातांनी तिने घोटा धरला, आणि पाऊल डोक्यावरून पुढे येऊन अंगठा अलगद कपाळाला टेकला. सभागृहात एक मोठा श्वास ऐकू आला, आणि मग टाळ्या. मोजणीदार उठून पुढे आले. फूटपट्टी हातात होती पण त्यांनी ती लावली नाही. तिच्याभोवती एक पूर्ण फेरी मारली, कात्रण पाहिलं, आणि बाबांकडे वळून म्हणाले, "हद्द चुकली माझी. मुद्रा शक्य आहे. मी हरलो."

इथे संपायला हवं होतं. पण चादर घेऊन ताईला चिकटून उभी असलेली आई, जिने आजवर बाबांच्या एकाही चित्रात एकही चूक शोधली नव्हती, कारण घरातल्या खऱ्या चुका तिला पुरत होत्या, ती एकदा ताईच्या कपाळाकडे आणि एकदा माझ्या हातातल्या पुठ्ठ्याकडे बघत होती.

"अहो," ती म्हणाली, "चित्रातला अंगठा पलीकडच्या बाजूला कसा?"

सगळ्यांनी पाहिलं. ताईचा अंगठा तिच्या डाव्या कानाकडे होता, चित्रातल्या मुलीचा उजव्या. चित्रातल्या मुलीच्या उजव्या पायाला डाव्या पायाचं पाऊल होतं. साप्ताहिकाच्या सगळ्या वाचकांनी तो पाय आठवडेच्या आठवडे न्याहाळला होता, कोन मोजले होते, आणि अंगठ्याकडे कुणाचं लक्ष गेलं नव्हतं.

बाबा पुठ्ठ्यापाशी आले. "ट्रेसिंग," ते पुटपुटले. "ट्रेसिंगचा कागद उलटा बसवला मी." मग वळून सभेला म्हणाले, "चुका अकरा आहेत. अकरावी मला माहीत नव्हती. चित्र काढणाऱ्यालाच जी माहीत नाही ती कोड्यातली चूक नाही, ती नुसती चूक. सदर मी बंद करतो."

"बंद?" मोजणीदार दचकले. "छे छे, बंद कसं?"

"मी शब्द दिला होता."

"शब्द काय दिला होता? मुद्रा अशक्य ठरली तर. ती मुद्रा ही इथे उभी आहे! अंगठ्याचा त्यात कुठेही उल्लेख नाही." त्यांनी खिशातून बाबांच्या खुलाशाची चौकट काढून दाखवली. "वाचा."

"पण नियमाचा हेतू..."

"हेतूवर मोजणी होत नाही! कागदावर काय आहे ते बघायचं."

"चित्रात दहाच चुका असल्या पाहिजेत, हा माझा नियम आहे."

"तो तुमचा खाजगी नियम. पैज वेगळी." मोजणीदारांचा आवाज चढला. "अहो, मी निवृत्त माणूस. रविवारी सकाळी तुमचं चित्र नसेल तर मी काय मोजू? बायकोच्या स्वयंपाकघरात चुका काढू?"

"काढून बघा!" मागून एक बाई म्हणाल्या. त्या त्यांच्या पत्नी असल्याचं सभेला तेव्हाच कळलं.

अर्धं सभागृह मोजणीदारांच्या बाजूने बोलू लागलं, उरलेलं बाबांच्या. थोड्या वेळापूर्वी बाबा चुकलेत म्हणणारे आता ते बरोबर आहेत म्हणून भांडत होते, आणि बाबा एकटेच आपण चुकलो हे सिद्ध करायला धडपडत होते. संपादक टेबलावर पेपरवेट आपटत होते. त्या गोंधळात मधूनच एक दबका आवाज आला.

"मी पाय खाली ठेवू का?"

ताई अजून तशीच उभी होती.

त्यावर जे हसणं झालं, त्यात बाबांचंही होतं, आणि हसलेल्या माणसाला सदर बंद करता येत नाही. संपादकांनी निकाल दिला, की मुद्रा शक्य, अंगठा चूक, सदर चालू. मात्र यापुढे प्रत्येक चित्र चित्रकाराच्या पत्नीच्या नजरेखालून गेल्याशिवाय छापलं जाणार नाही. आई "मला कामं आहेत" म्हणाली. ते कुणी ऐकलं नाही.

स्टेशनकडे जाताना टांग्यात ताई माझ्या खांद्यावर डोकं टेकून बसली होती. बाबा पुढे टांगेवाल्याशेजारी. थोडं अंतर गेल्यावर ती म्हणाली, "बाबा, पुढच्या चित्रात मला नुसतं बसवा. खुर्चीत. सरळ."

"सरळ?"

"हो. पाय खाली."

बाबांनी तसंच चित्र काढलं. एक दिवाणखाना, भिंतीवर कॅलेंडर, कोनाड्यात रेडिओ, दहा नेटक्या चुका, आणि मधोमध खुर्चीत ताठ बसलेली मुलगी, हात मांडीवर, पावलं जमिनीवर, दोन्ही अंगठे जिथल्या तिथे. आईने ते दोन दिवस तपासलं आणि काही सापडलं नाही म्हणून थोडी नाराज झाली.

पोस्टकार्डं आली. मोजणीदारांचं सगळ्यात वर होतं. 'चूक पहिली,' त्यांनी लिहिलं होतं, 'सदर मुलगी सरळ बसली आहे.' खालच्या कार्डांवरही तेच. कल्याण, ठाणे, टिटवाळा, सगळीकडून तेच.

बाबांनी कार्डं टेबलावर पसरली आणि ताईला विचारलं, "काय करायचं? धरायची का ही चूक?"

ताई पलंगावर पालथी होती, पाय डोक्यावर. तिने पुस्तकातून मान न काढता थोडा विचार केला.

"मला तसं सरळ किती वेळ बसता येतं?"

"पाच मिनिटं," आई आतून म्हणाली. "तेही पाहुणे असले तर."

"मग धरा," ताई म्हणाली, आणि अंगठ्याने पान उलटलं.